रुमालातली धूळ

गिरगावात हल्ली जमिनीखालून गाडी धावते. नातीने मला हौसेने दोनदा नेलं. सरकत्या जिन्यावर ती माझा दंड घट्ट धरते आणि म्हणते, "आजी, जरा शांत उभी राहा ना गं, पडशील." पण जिना आपोआप उतरत असला तरी मी त्याच्यावरही पायऱ्या उतरत असते. गुडघे कुरकुरतात, डॉक्टर रागावतात, पण एका जागी उभं राहणं मला या जन्मात जमलेलं नाही. खाली जाताना कानात दडे बसले की मला पंधराव्या वर्षी पाहिलेली सोन्याची खाण आठवते. तिच्या पोटात मी जेमतेम दोन तास होते. पण त्या दोन तासांनी जे केलं ते पुढे साठ वर्षं पुरलं.

आम्ही सोनार, मूळचे मालवणकडचे. फणसवाडीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातली बाहेरची, उजेडाची खोली अप्पांच्या कामाची. आतल्या खोलीत आई, दादा, मी आणि उरलेला संसार. सकाळी जाग यायची ती हातोडीच्या बारीक ठोक्यांनी. मग फुंकणीचा फुसफुस आवाज, मग कानशीची किरकिर, आणि या सगळ्यावर आतून येणारा बांगडा तळल्याचा वास. बाहेरच्या खोलीचे नियम देवघरापेक्षा कडक होते. पंखा लावायचा नाही. पळायचं नाही. शिंक आली तर तोंड भिंतीकडे करायचं. कामावरून उठणाऱ्याने आधी चटईवर कपडे झटकायचे, केसांतून फणी फिरवायची, मग परातीत हातपाय धुवायचे आणि ते पाणी एका पिंपात ओतायचं. केर कुंच्याने एकाच दिशेला ओढून डब्यात भरायचा. कानशीतून उडालेला कण कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही, तेव्हा आमच्या घरात धूळ टाकणं म्हणजेच चोरी होती. दिवाळीच्या आधी झारेकरी यायचा. सोनाराच्या केरातून सोनं धुऊन काढणं हाच त्याचा धंदा. चाळीच्या नळाशी उकिडवा बसून तो उथळ पाटीत वर्षभराचा केर आणि पाणी घेऊन गोल गोल हेलकावत राहायचा. माती वाहून जायची, काळी रेती उरायची, आणि शेवटी त्या काळ्या कडेला पिवळी किनार दिसायची. तेवढा एक तास मी जागची हलत नसे, पण त्याची दखल कुणी घेतली असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

एरवी माझे पाय म्हणजे घरादाराला ताप. बसले तरी मांडी हलायची, जेवताना पाट सरकायचा. आई घरात मालवणीच बोलायची. दिवसातून दहादा ती ओरडे, "एका जाग्यार बस गो बाय! पायांक भिंगरी बांधलंस काय?" दहा वर्षांची असताना मी अशीच धावत बाहेरच्या खोलीत घुसले आणि कानशीचा चुरा गोळा केलेली चटई पायाने उडवली. त्या दुपारी चौघं जणं गुडघ्यांवर रांगत फरशी पुसत होती. आईने माझी वेणीसुद्धा सोडून कागदावर विंचरली. अप्पांनी मला मारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "हिला यापुढे आत येऊ देऊ नका." मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी उंबऱ्यावरून आत बघत राहिले. मला ते काम शिकायचं होतं. नुसतं आवडत होतं असं नाही, शिकायचंच होतं. पण अप्पांच्या शेजारचा पाट दादासाठी मांडलेला होता. दादा दगडासारखा स्थिर बसे, पण त्याचं मन कुठल्यातरी बँकेतल्या टेबलाशी असे आणि सांधा जोडताना हमखास जास्त ताप देऊन तो दागिना वितळवायचा. माझ्यासाठी ठरलेलं होतं ते असं: मॅट्रिक, मग टायपिंगचा क्लास, मग स्थळं.

अप्पांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कायम एक बोटभर लांबीचा काळा दगड असे. कसोटी. तिच्यावर सोनं घासलं की रेघ उठते आणि रेघेच्या रंगावरून सोन्याचा कस कळतो. लालबाग-परळची गिरणीतली माणसं मुलीच्या लग्नाचे मणी घ्यायचे झाले की दुसऱ्या सोनाराकडचा माल घेऊन आधी आमच्याकडे यायची. अप्पा रेघ ओढायचे, खिडकीशी धरायचे आणि काय असेल ते सांगायचे. सोनाराला जग आधीच अर्धा चोर समजतं, पण अप्पांच्या रेघेवर कुणी शंका घेतल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे वसूआत्याच्या लग्नात मुलाकडच्यांनी घातलेल्या पाटल्या त्यांनी भर मांडवात घासून बघितल्या आणि सांगितलं, "यात तांबं जास्त आहे." लग्न मोडता मोडता राहिलं. आत्याचे सासरे मरेपर्यंत आमच्या घरी पाणी प्यायले नाहीत. आईने एकदा विचारलं, "तेव्हा गप रवला असतात तर काय झाला असता?" अप्पा म्हणाले, "नात्यासाठी रेघ बदलत नाही." आम्ही हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की दादा त्याची नक्कल करायचा.

आत्याचे यजमान, आमचे आतोबा, बंगलोरच्या पलीकडे एका सोन्याच्या खाणीवर हजेरी कारकून होते. इंग्रजांच्या काळातली ती खाण. आता बंद पडली आहे असं ऐकते. आतोबांचे वडील गेल्यावर त्यांनी स्वतः पत्र घातलं: 'झालं गेलं विसरा, मे महिन्यात सगळे या. अप्पा, सोन्यात जन्म घालवलात, ते निघतं कुठून ते तरी बघा.' अप्पांनी ते पत्र दोनदा वाचलं. घर सोडून चार दिवसही न राहणारा माणूस, पण त्यांनी आईला सांगितलं, "बोंबील बांधून घे. वसूला तिकडे मिळत नसतील." मी तर त्या दिवसापासून जमिनीवर नव्हतेच. गाडीत दीड दिवस मी खिडकी आणि दार यांच्यामध्ये येरझारा घातल्या आणि शेवटी एका टी.सी.ने मला हाताला धरून बाकावर बसवलं.

खाणीत बायका उतरत नसत. बाईचा पाय लागला की सोन्याची शीर सरकते, असं जुने कामगार म्हणतात, असं आतोबांनी सांगितलं. आई म्हणाली, "माका खय जावचा हा पाताळात!" आणि ती आत्याबरोबर बोंबलांना फोडणी द्यायला राहिली. मी मात्र दोन वेण्यांमुळे अजून पोरीतच मोडत होते. आतोबांनी साहेबाकडून चिठ्ठी आणली: स्वतः, अप्पा, दादा आणि मी. चिठ्ठीवर धंदा लिहायचा रकाना होता. आतोबांनी तिथे 'सोनार' लिहिलं. "जे आहे ते लिहिलं," ते म्हणाले आणि अप्पांनी मान डोलावली. आम्हाला मोठे रबरी बूट आणि डोक्यावर दिव्याच्या टोप्या मिळाल्या. माझे बूट इतके मोठे होते की पाय आतल्या आत फिरत होता. मग खाली उतरवणारा लोखंडी पिंजरा, मागे घंटा, आणि पायाखालची जमीन एकदम काढून घेतली. दादाने डोळे मिटून माझा हात धरला. आतोबा ओरडत होते, "शैला, हलू नकोस, कठड्याला हात लावू नकोस!" आणि माझ्या अंगातला कण न् कण हलत होता. अंधार वर जात होता, कान बंद झाले आणि तरी मला वाटत होतं, अजून, अजून खाली.

खाली सोनं कुठेच नव्हतं. ओल्या, गरम बोगद्यात पिवळट दिवे, वरून ठिबकणारं पाणी, लांबून येणारा ड्रिलचा खडखडाट आणि दगड भरलेले डबे ढकलणारी उघडी माणसं. भिंतीत पांढऱ्या-करड्या दगडाचा एक पट्टा होता. बरोबरच्या मेस्त्रीने त्याच्यावर दिवा धरला आणि म्हणाला, "सोना." मी नाक भिंतीला लावून बघितलं. दगड, दुसरं काही नाही. माझा असा हिरमोड झाला की मी विचारलं, "अप्पा, हे फसवतायत का आपल्याला?" अप्पा हसले नाहीत. त्यांनी पूर्ण तळहात त्या पट्ट्यावर ठेवला आणि मग तो हात कपाळाला लावला. "आपण कानशीचा चुरा जपतो," ते म्हणाले, "तर ही माणसं डोंगर फोडून तेवढाच चुरा काढतात." मी त्यांच्या मागे मागे, पुढे पुढे, डब्यांच्या कडेने, जिथे म्हणून जाऊ देतील तिथे भिरभिरत होते. जिथे दगड डब्यांतून खाली ओतत तिथे तर धुळीचा धूर उठला होता. आतोबा मला दर मिनिटाला हाक मारत होते. अप्पांनी वळून एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांच्या डोळ्यांत ती चटई दिसली.

ते मला लागलं. वर आल्यावर बूट काढायच्या शेडमध्ये आम्ही बाकावर बसलो. दादाला मळमळत होतं, अप्पा आणि आतोबा त्याला पाणी देत होते. मी बूट काढला आणि तळव्यातून भुरभुर धूळ पडली. घरी असं झालं असतं तर आईने खाली कागद धरला असता. माझ्या मनात आलं, आज दाखवते यांना, मलाही जपता येतं. मी रुमाल पसरला. आईने कोपऱ्यात दोऱ्याने मोगऱ्याची फुलं भरलेला रुमाल तो. माझे बूट त्यावर आपटले, मग दादाचे, आतोबांचे, शेवटी अप्पांचे. मग परकराचा घेर झटकला, वेणीची टोकंसुद्धा. चारी टोकं गाठ मारून पुरचुंडी परकराच्या खिशात घातली. इतकं निगुतीने मी आयुष्यात काही केलं नव्हतं. घरी पोहोचल्यावर ती अप्पांसमोर ठेवायची आणि काही न बोलता बाजूला व्हायचं, इथपर्यंत मी ठरवलं होतं. हे चूक असेल असा विचार, खरं सांगते, मनाला शिवलासुद्धा नाही.

फाटकावर झडती होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची होत असे. म्हाताऱ्या आयाने माझे खिसे चाचपले आणि पुरचुंडी बाहेर काढली. हवालदार पांढऱ्या मिशांचा होता, आतोबांना नावाने ओळखणारा. त्याने गाठ न सोडताच विचारलं, "ये क्या बांधा है, बेबी?"

"धूळ," मी अभिमानाने म्हटलं. "बूट की धूल. सबके बूट की."

आतोबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. खाणीतून बाहेर काहीही न्यायचं नाही, खडासुद्धा नाही, आणि ज्याच्या चिठ्ठीवर पाहुणे उतरले त्याची नोकरी त्याच दिवशी जाते, हे त्या गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. नोकरी गेली की कंपनीचं घर गेलं. हवालदाराने चिठ्ठी वाचली आणि त्याची नजर धंद्याच्या रकान्यावर थांबली. "सोनार है?" तो म्हणाला. ते दोन शब्द अप्पांना थोबाडीत बसल्यासारखे लागले. आतोबा पुटपुटत होते, "अप्पा, तुम्ही... तुम्ही सांगितलंत का तिला?"

"मी सांगितलं नाही. पण मीच शिकवलंय," अप्पा म्हणाले. मग हवालदाराकडे वळून आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "हमारे घर में धूल फेंकना पाप है. लडकी को वोही मालूम. साहब को बुलाने के पहले इसको धोके देखो. तुम्हारे सामने. सोना निकला तो मेरे को पकडो, इनको नहीं."

हवालदार क्षणभर आतोबांकडे बघत राहिला, मग त्याने आपल्या जेवणाची अॅल्युमिनियमची थाळी पुढे केली. आयाने पाणी आणलं. अप्पांनी थाळी हातात घेतली आणि पाणी डचमळून सांडलं. ज्या हातांनी केसाएवढ्या तारेला डाग देऊन सांधा जोडला ते हात थरथरत होते. दादा भिंतीला टेकून पांढराफटक. अप्पांनी थाळी माझ्यासमोर धरली. "शैले, तू धू. तू बघितलंयस."

म्हणजे त्यांनी मला झारेकऱ्यासमोर बसलेलं पाहिलं होतं. मी उकिडवी बसले आणि थाळी फिरवायला लागले. गोल, सावकाश, कडेने माती सोडत. पहिल्यांदा पाणी करडं झालं, मग दुधट, मग हळूहळू निवळायला लागलं. घरी आम्ही त्या काळ्या रेतीकडे आशेने बघायचो. आज मी देवाला विनवत होते, सोनं निघू नये, एक कण निघू नये. माझी मांडी हलत नव्हती. बोटं हलत नव्हती. हलत होती ती फक्त थाळी. शेवटचं पाणी सोडलं आणि काळ्या रेतीच्या टोकाला मोहरीच्या निम्म्याएवढा एक पिवळा कण येऊन बसला.

अप्पा वाकले. त्यांनी ओल्या बोटाच्या टोकावर तो कण उचलला, आतल्या खिशातून कसोटी काढली आणि कण तिच्यावर दाबून ओढला. बारीकशी रेघ उठली. पिवळी. ती उन्हाकडे धरून त्यांनी बराच वेळ बघितली. मग दगड हवालदारापुढे धरून ते म्हणाले, "सोना नहीं है. इसको हमारे में माक्षिक बोलते हैं. सोने जैसा दिखता है, बस." आणि त्यांनी बोटावर उरलेला कण फू करून उडवून दिला.

हवालदार त्या रेघेकडे बघत होता. मग अप्पांकडे. मग म्हणाला, "आप जानते हो. आपका काम है." त्याने थाळी जमिनीवर उपडी केली, रुमाल झटकून मला परत दिला आणि फाटक उघडलं.

त्या रात्री आत्याकडे बोंबलांचं कालवण होतं. आत्याने अप्पांना दोनदा वाढायचा प्रयत्न केला, त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आतोबा त्यांच्या पाया पडायला गेले तर अप्पा उठून बाहेर गेले. मला कुणी रागावलं नाही आणि मी रात्रभर तळमळत होते, कारण रागावतील म्हणून तयार बसलेल्या माणसाला न रागावणं फार छळतं. निघताना आतोबांनी मला गावातल्या दुकानातून माक्षिकाचा एक चमकणारा खडा घेऊन दिला. "तुझी आठवण," ते म्हणाले आणि मान वळवून हसले. तो हसण्याचा प्रकार मला तेव्हा कळला नाही.

फणसवाडीत परतल्यावर तिसऱ्या दिवशी दादाने सांगून टाकलं की तो बँकेची परीक्षा देणार. अप्पांनी वाद घातला नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी शेगडीजवळचा पाट सारखा केला आणि उंबऱ्याकडे बघून म्हणाले, "बस. पाय हलला तर उठवीन." आई आतून म्हणाली, "मुलीच्या जातीक..." "तिथे तिचा हात हलला नाही," अप्पा म्हणाले, "माझा हलला." एवढंच. पण त्याच आठवड्यात त्यांनी नवी कसोटी आणली. जुनी एका फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या मागे ठेवली. कुणी विचारलं तर म्हणत, "झिजली." मी ती काढून बघितली होती एकदा. मुळीच झिजली नव्हती.

तीन वर्षं मी कानस घासली, तार ओढली, डाग देताना बोटं भाजून घेतली. पाय हलायचे, मला उठवलं जायचं, मी परत बसायचे. गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढायचं काम मात्र अप्पा मला देत नसत. मग एके दुपारी काम नव्हतं आणि माझे हात शिवशिवत होते. फळीवर आतोबांनी दिलेला तो खडा पडला होता. काही मनात नसताना मी तो उचलला आणि नव्या कसोटीवर ओढला. रेघ काळी उठली. हिरवट काळी. मी दुसऱ्यांदा ओढला, तिसऱ्यांदा ओढला. खडा भुगा होत होता आणि रेघ काळीच. खाणीच्या फाटकावरची ती पिवळी रेघ माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि फुंकर मारणारे अप्पा. ज्या घरात परातीचं पाणीसुद्धा ओतत नसत, त्या घरातल्या माणसाने सोनं फुंकरीने उडवलं होतं.

अप्पा समोर कानस चालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कळलं?" ते म्हणाले.

"हो."

"तीन वर्षं लागली तुला." कानस थांबली. "त्या दगडावर मी खोटं बोललो, म्हणून तो ठेवून दिला. त्याच्यावर लोकांचं सोनं लावायचा मला हक्क नाही. हा नवा स्वच्छ आहे." त्यांनी कसोटी पुसून माझ्या बाजूला सरकवली. "उद्यापासून रेघ तू बघायची."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यानंतर चाळीस वर्षं मी त्या दगडावर रेघा ओढल्या. जवळची माणसं दुखावली, दोन लग्नं अडली, सख्ख्या नणंदेने बोलणं टाकलं, पण एकदाही रेघ बदलली नाही. माझ्या वाट्याची अप्पांनी आधीच बदलून ठेवली होती.